अठरा क्रमांकाची चूक

रूट केलेल्या, म्हणजे पूर्ण ताबा मिळवलेल्या, अँड्रॉइड फोनचं टर्मिनल उघडा. मेमरी कार्डाची दोन पार्टिशनं केलेली असतील, तर दुसऱ्या पार्टिशनवरच्या एखाद्या अ‍ॅपची फाइल घ्या आणि फोनच्या आतल्या फोल्डरमधून तिला साधी लिंक द्यायचा प्रयत्न करा. फोन एका ओळीत नकार देतो : ‘क्रॉस-डिव्हाइस लिंक’. एका उपकरणावरून दुसऱ्यावर लिंक टाकता येणार नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याला हे शब्दांत दिसतं, पण अँड्रॉइडचा गाभा असलेला लिनक्स कर्नल हा नकार आकड्यात देतो. तो आकडा १८.

हा १८ आला कुठून, म्हणून मागे मागे जात राहिलो तर थेट १९७५ साली पोहोचलो. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, मरी हिल इथल्या बेल लॅब्समध्ये, युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सहाव्या आवृत्तीच्या सोर्समध्ये चुकांची यादी आहे. तिथे १८ क्रमांकावर हीच चूक. १९ म्हणजे ‘असं उपकरण नाही’, २२ म्हणजे ‘अवैध आर्ग्युमेंट’, २८ म्हणजे ‘उपकरणावर जागा उरलेली नाही’. कार्डाचे तुकडे करून फोन अडकवून बसलेल्या कुणालाही ही यादी दाखवा, तो तुम्हाला आपल्या रविवारचा वृत्तान्त सांगेल.

मेमरी कार्डाच्या पार्टिशनची कुळकथा सहसा आयबीएमच्या पीसीपासून सांगतात. ते आजोळ झालं, हे मी मान्य करतो. पण फोनला जे आजार होतात ते वडिलांकडून आलेले आहेत, आणि वडिलांचं घर मरी हिलला आहे.

मधले टप्पे सर्वांना माहीत आहेत, ते भरभर उरकतो. अँड्रॉइडचा पहिला विक्रीचा फोन, टी-मोबाइल जी१, ऑक्टोबर २००८ मध्ये आला. आत २५६ एमबी फ्लॅश, त्यातली अ‍ॅपसाठी उरलेली जागा जेमतेम ७० एमबीच्या आसपास. रूट करणं मात्र हास्यास्पद सोपं निघालं. सुरुवातीच्या एका फर्मवेअरमध्ये कीबोर्डवर जे टाइप कराल ते पडद्याआड रूटच्या शेललाही जात होतं. गप्पा मारताना कुणी ‘रीबूट’ हा शब्द लिहून एंटर दाबलं की फोन खरोखर बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. गूगलने ते भोक लगोलग बुजवलं, तोवर उत्साही मंडळी आत शिरली होती. त्यांनी कार्डावर दुसरं पार्टिशन पाडलं, त्यावर लिनक्सची एक्स्ट२ फाइल सिस्टिम घातली, अ‍ॅपचं फोल्डर तिकडे हलवलं आणि जुन्या जागी लिंक ठेवली. लिंक२एसडीसारखी अ‍ॅप नंतर हेच काम बटणावर करून देऊ लागली. आपल्याकडे पाच-सहा हजारांचे फोन घराघरांत आले आणि दोन-चार अ‍ॅपमध्ये जागा भरू लागली, तेव्हा हा उद्योग इथेही जोरात चालला.

आता आजोळाकडे. आयबीएमने ८ मार्च १९८३ रोजी पीसी एक्सटी जाहीर केला, १० एमबी हार्ड डिस्कसह. त्याबरोबर आलेल्या डॉस २.० ने डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत एक तक्ता बसवला : चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटांची. एकाच डिस्कवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम सुखाने नांदाव्यात, हा हेतू. तुमच्या कार्डावर आजही बहुधा तोच ६४ बाइटांचा तक्ता असतो. या घराण्याकडून दोन दुखणी आली. पहिलं क्रमाचं. विंडोज काढता येणाऱ्या कार्डावरचं फक्त पहिलं पार्टिशन दाखवायचं, २०१७ च्या विंडोज १० अपडेटपर्यंत. जुने अँड्रॉइडही पहिल्या जागी फॅट फाइल सिस्टिम शोधत. एक्स्ट चुकून पुढे गेलं की ‘कार्ड रिकामं आहे किंवा खराब आहे’ म्हणून फोन हात वर करतो. दुसरं दुखणं प्रकाराचं. दुसरं पार्टिशन करताना घाईत ‘प्रायमरी’ऐवजी ‘लॉजिकल’ निवडलं तर लिनक्स त्याला क्रमांक पाच देतं, कारण पहिले चार त्या तक्त्यासाठी राखीव. पार्टिशन जोडणारी स्क्रिप्ट मात्र ‘पी२’ या नावाने शोधत बसते. पार्टिशन डोळ्यांसमोर असून सापडत नाही, ते यामुळे.

आजोळची गोष्ट इथे संपते. तुकडे कसे पाडायचे एवढंच आयबीएमने सांगितलं. दोन तुकडे एकाच झाडाच्या फांद्या म्हणून कसे वागतील, हे डॉसला सुरुवातीला सुचलं नव्हतं. तिथे दुसऱ्या तुकड्याला दुसरं अक्षर मिळायचं, सी झालं की डी, आणि विषय संपला.

मरी हिलच्या मंडळींना हे आधीच सुचलं होतं, कारण त्यांची जागा आधीच संपली होती. पीडीपी-११ हे यंत्र १९७० च्या उन्हाळ्याअखेर आलं, डिस्क मात्र डिसेंबरपर्यंत आली नाही. तोवर ते यंत्र कोपऱ्यात बसून सहा बाय आठच्या पटावर बुद्धिबळाच्या घोड्याच्या बंद फेऱ्या मोजत होतं. तीन महिन्यांचं काम. डिस्क आली ती ५१२ के बाइटांची. आजचा एक बरा फोटो तीत मावणार नाही. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९७४ साली युनिक्सवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात पुढची मांडणी सापडते : झाडाचं मूळ एक एमबीच्या स्थिर डिस्कवर, लोकांच्या फाइली मोठ्या डिस्कवर, आणि शिवाय अडीच-अडीच एमबीच्या काढता-घालता येणाऱ्या चार चकत्या. मोठी डिस्क यंत्र सुरू होतानाच जोडली जाई, छोट्या चकत्या ज्याने त्याने हव्या तेव्हा जोडायच्या. जोडणाऱ्या आज्ञेचं नाव माउंट.

आत लहान आणि स्थिर साठा, बाहेर मोठा आणि काढता येणारा साठा, सुरू होतानाच एका स्क्रिप्टने दोन्ही सांधायचे. जी१ च्या मालकाने ३४ वर्षांनी जे केलं ते याहून वेगळं काय होतं?

इथे एक वाद आहे, आणि तो मला टाळायचा नाही. युनिक्समध्ये ‘यूएसआर’ नावाचं फोल्डर असतं आणि त्यात प्रोग्राम ठेवायचं ‘बिन’ हे फोल्डर पुन्हा एकदा असतं. प्रोग्राम दोन जागी का? लिनक्सवाल्यांची आवडती कथा अशी की मूळ डिस्क भरली, तेव्हा उरलेले प्रोग्राम लोकांच्या डिस्कवर सांडले आणि तिथेच राहिले. दुसरा पक्ष म्हणतो, ही विचारपूर्वक केलेली विभागणी आहे : यंत्र उभं करायला लागणारं एकीकडे, बाकीचं दुसरीकडे. हाच पक्ष यूएसआर म्हणजे ‘युजर सिस्टिम रिसोर्सेस’ असं सांगतो, तो मागाहून चिकटवलेला अर्थ आहे. मी सांडण्याच्या बाजूचा. विचारपूर्वक विभागणी झाली ती नंतर, सांडलेल्याला शिस्त लावताना. माउंट ही आज्ञा मूळ डिस्कवरच हवी, कारण जी डिस्क अजून जोडलेलीच नाही तिच्यावरची आज्ञा चालवणार कोण? हा नियम कुणी आराखडा काढून केलेला नाही, तो अडचणीतून आला. फोनमध्येही कार्ड जोडणारं अ‍ॅप स्वतः कार्डावर हलवू नये, ते याच कारणाने.

त्याच निबंधात एक बंधन आहे : एका डिस्कवरच्या झाडातून दुसऱ्या डिस्कवरच्या झाडात लिंक टाकता येणार नाही. कारणही व्यवहारी होतं. चकती काढून नेली तर कुठल्या लिंका तुटल्या, याचा हिशेब ठेवत बसावं लागेल. सहाव्या आवृत्तीच्या यादीतला १८ हा आकडा याच बंधनाचा.

उतारा निघाला बर्कलेत. ऑगस्ट १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या बर्कले आवृत्तीत सिम्बॉलिक लिंक आली, म्हणजे पीसी एक्सटीनंतर पाच महिन्यांनी. फोनच्या कार्डावर दोन्ही घराणी एकत्र आली त्याचं बीज एकाच वर्षी पडलं, हा योगायोग मला फार आवडतो. (मल्टिक्स या जुन्या सिस्टिममध्ये अशी लिंक त्याआधीही होती, असं जाणकार लगेच सांगतील. बरोबर आहे. पण फोनपर्यंतची वाट बर्कलेवरून येते.) सिम्बॉलिक लिंक म्हणजे लिफाफ्यावरचा नुसता पत्ता. त्या पत्त्यावर कुणी राहतं का, हे ती बघत नाही. फोनमध्ये फाइलींची सविस्तर यादी मागवा : लिंकची ओळ ‘एल’ने सुरू होते, नावापुढे बाण असतो, बाणापुढे पत्ता. तिचा आकार म्हणजे पत्त्यातल्या अक्षरांची संख्या, बाकी काही नाही. हिशेब ठेवायचा नसल्याने बंधन गळून पडलं. चकती काढल्यावर काय होतं ही बेल लॅब्सची काळजी मात्र होती तशीच राहिली, आणि वारसाहक्काने तुमच्या फोनला मिळाली.

म्हणून फोन सुरू होताना दुसरं पार्टिशन जोडलं गेलं नाही, तर हलवलेली सगळी अ‍ॅप एकदम गायब होतात. सिस्टिम अ‍ॅपचं फोल्डर चाळते, लिंकांच्या पलीकडे काही नाही असं पाहते आणि ती अ‍ॅप आपल्या यादीतून काढते. इथे घाबरून कार्ड फॉरमॅट करू नये. फाइली बहुतेक वेळा जागेवर असतात, जोडणी तेवढी फसलेली असते, आणि का फसली हे १९७५ चे आकडे सांगतात. ‘असं उपकरण नाही’ हा १९ वाचून लोक कार्ड घासून पुसून पुन्हा घालतात. माउंटच्या वेळी त्याचा अर्थ वेगळा : कर्नलला ही फाइल सिस्टिम माहीत नाही. जी१ चा कर्नल २.६.२५ होता, एक्स्ट४ स्थिर झाली २.६.२८ मध्ये, डिसेंबर २००८ ला. तिथे एक्स्ट४ मागून उपयोग काय? एक्स्ट२ किंवा एक्स्ट३ करावं. ‘अवैध आर्ग्युमेंट’ म्हणजे २२ आला तर फाइल सिस्टिम ओळखीची आहे, पण पार्टिशनच्या सुरुवातीपासून १,०२४ बाइटांवर तिची खूण सापडली नाही. एक तर स्क्रिप्टमध्ये प्रकार चुकीचा निवडला, नाही तर फॉरमॅट अर्धवट झालं. आणि २८, जागा नाही, कार्ड अर्धं रिकामं असताना? तेव्हा अ‍ॅपची मूळ फाइल हलली, पण तिच्यापासून अँड्रॉइडच्या डाल्विक यंत्रणेने बनवलेली फाइल आतच राहिली. तिलाही लिंक करावं लागतं.

गूगलने २०१० साली अँड्रॉइड २.२ मध्ये अ‍ॅप कार्डावर हलवायची अधिकृत सोय दिली. पार्टिशन न पाडता, फॅटवरच, कूटबद्ध डबे करून. फॅटचं मूळ १९७७ च्या मायक्रोसॉफ्टमधलं, फाइलीचा मालक कोण हे तिला कळतच नाही. अँड्रॉइडमध्ये मात्र प्रत्येक अ‍ॅप १०,००० पासून पुढचा एक वापरकर्ता मानलेला. डबे त्यासाठी. फोन संगणकाला जोडून कार्ड त्याच्या हवाली केलं की ही अ‍ॅप बंद पडत. माझ्या मते हा मार्ग जुन्या जुगाडापेक्षा कमजोर होता.

शेवटचं दुखणं सर्वांत चक्रावणारं. अँड्रॉइड ४.२ नंतर पार्टिशन जोडलेलं दिसतं, लिंक२एसडीला त्यातल्या फाइली दिसतात, बाकी कुठल्याच अ‍ॅपला काही दिसत नाही. चूक नाही, आकडा नाही. याचं कारण माउंट नेमस्पेस : प्रत्येक प्रक्रियेला झाडाचं स्वतःचं वेगळं दर्शन, म्हणून रूटने आपल्या दर्शनात जोडलेलं इतरांच्या दर्शनात येत नाही. लिनक्समध्ये हे २००२ साली २.४.१९ बरोबर आलं. कल्पना घेतली ती प्लॅन ९ या सिस्टिमकडून, आणि प्लॅन ९ बनवली मरी हिलच्या त्याच बेल लॅब्सने. थॉम्प्सन तिथेही होतेच. रूटचे अधिकार सांभाळणाऱ्या सुपरएसयूच्या सेटिंगमध्ये ‘माउंट नेमस्पेस सेपरेशन’ची खूण काढून फोन रीस्टार्ट केला की फाइली सर्वांना दिसू लागतात.