हाताने मैला उचलण्याच्या प्रथेचे निर्मूलन : कायदा व शासकीय धोरण

मानवी विष्ठा हाताने काढणे, ती वाहून नेणे आणि तिची विल्हेवाट लावणे, हे काम माणसाकडून करून घेण्यास भारतात दोन केंद्रीय कायद्यांनी बंदी घातली आहे. पहिला कायदा 1993 चा, दुसरा 2013 चा. पहिल्याचा भर कोरड्या संडासांवर होता. दुसऱ्याने काम करणाऱ्या माणसाला मध्यभागी आणले आणि पुनर्वसन हा त्याचा हक्क ठरवला. या कायद्यांमागे संविधानातील अनुच्छेद 17 (अस्पृश्यतेचे उच्चाटन), 21 (जीविताचा हक्क) आणि 23 (वेठबिगारीस मनाई) यांचा आधार आहे. हे काम जवळजवळ सर्वस्वी अनुसूचित जातींच्या माथी मारले गेले आहे. शासनानेच 2021 मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार, ज्यांच्या जातीची नोंद उपलब्ध होती अशा 43,797 मैला उचलणाऱ्यांपैकी 42,594 अनुसूचित जातींतील होते. त्यामुळे हा प्रश्न स्वच्छतेचा कमी आणि जातीचा अधिक आहे.

पार्श्वभूमी

नळाचे पाणी आणि भुयारी गटारे येण्यापूर्वी शहरांतील संडास टोपलीचे असत. बैठकीखाली टोपली किंवा पत्र्याचा डबा ठेवलेला असे. सफाई कामगाराने मागच्या बाजूच्या झडपेतून तो ओढायचा, उरलेले पत्र्याने खरवडायचे, सारे मोठ्या डब्यात ओतायचे आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायचे. मुंबईत जुन्या इमारतींमध्ये ज्या अरुंद ‘हाऊस गल्ल्या’ सोडलेल्या दिसतात, त्या या कामासाठीच होत्या. सफाई करणारा मागून येई आणि मागूनच जाई. घरातल्या माणसांच्या नजरेला तो पडू नये अशी बांधकामातच सोय केलेली होती. मुंबईत या कामावर गुजरातेतून आलेले मेघवाळ व रुखी आणि उत्तरेकडून आलेले वाल्मिकी होते. झाडलोटीच्या कामावर महाराष्ट्रातल्या महार समाजातील माणसेही मोठ्या संख्येने होती.

कायदा प्रथम या माणसांच्या आयुष्यात आला तो त्यांना बांधून ठेवण्यासाठी. ब्रिटिश काळातील अनेक नगरपालिका कायद्यांत, सफाई कामगाराने नोटीस न देता काम सोडणे हा शिक्षापात्र गुन्हा होता. इतर नोकराने काम सोडले तर फार तर त्याचा पगार बुडे. सफाई कामगार मात्र तुरुंगात जाऊ शके. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या तरतुदींवर कडक टीका केली. या कामाला सेवेचे पावित्र्य चिकटवण्यासही त्यांचा ठाम विरोध होता. हे काम सोडण्यातच सुटका आहे, अशी त्यांची भूमिका होती.

दुसरा प्रवाह गांधीवादी होता. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगात संडास सफाईचे काम जातीनुसार वाटले जाई. ते काम आपल्याला करू द्यावे, अशी मागणी त्यांनी केली. ती नाकारल्यावर त्यांनी अन्न कमी केले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबर 1932 मध्ये गांधीजींनी येरवड्यात उपवास आरंभला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात पटवर्धनांनी मैल्याला हात न लावता खत करणारा ‘गोपुरी संडास’ तयार केला. संडास बदलला की माणूस सुटेल, हा या प्रवाहाचा विश्वास होता. स्वातंत्र्यानंतर शासनाने मुख्यतः हाच मार्ग धरला. मुंबई सरकारने 1949 मध्ये नेमलेली बर्वे समिती आणि केंद्राने 1957 मध्ये नेमलेली मलकानी समिती यांनी डोक्यावरून मैला वाहणे थांबवण्याच्या व साधने सुधारण्याच्या शिफारशी केल्या. शिफारशी परिपत्रकांच्या रूपाने राज्यांकडे गेल्या, राज्यांकडून नगरपालिकांकडे गेल्या, आणि तिथेच राहिल्या.

1993 चा कायदा

सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे संसदेने हा कायदा अनुच्छेद 252 खाली केला. या अनुच्छेदानुसार किमान दोन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून विनंती केल्यास संसद राज्याच्या विषयावर कायदा करू शकते. विनंती करणाऱ्या सहा राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते. इतर चार आंध्र प्रदेश, कर्नाटक, त्रिपुरा आणि पश्चिम बंगाल. कायदा 1993 मध्ये संमत झाला, पण अमलात आला 26 जानेवारी 1997 रोजी, आणि तोही या सहा राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांतच. इतर राज्यांनी तो आपापल्या सोयीने, काहींनी फार उशिरा, स्वीकारला.

कोरडा संडास बांधणे वा वापरणे आणि त्यातील मैला माणसाकडून काढून घेणे यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. मात्र खटला भरायला प्रशासनाची पूर्वसंमती लागे. बहुतेक ठिकाणी मुख्य आरोपी स्वतः नगरपालिकाच असणार, तेव्हा प्रशासनाने प्रशासनावर खटला भरण्याची ही अपेक्षा होती. या कायद्याखाली शिक्षा झाल्याची उदाहरणे जवळजवळ नाहीत. त्याच वर्षी सफाई कर्मचाऱ्यांसाठी राष्ट्रीय आयोगाचाही कायदा झाला. 2004 मध्ये त्याची मुदत संपली, आणि तेव्हापासून आयोग वैधानिक दर्जाशिवाय, मुदतवाढीवर चालू आहे.

परिस्थिती हलली ती चळवळीमुळे. बेझवाडा विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सफाई कर्मचारी आंदोलनाने 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. आपल्याकडे ही प्रथा उरलीच नाही, असे सांगणाऱ्या राज्यांसमोर कार्यकर्त्यांनी छायाचित्रे, पत्ते आणि माणसे उभी केली. मराठीत अरुण ठाकूर आणि महंमद खडस यांच्या ‘नरकसफाईची गोष्ट’ या पुस्तकाने हे जग आधीच वाचकांसमोर आणले होते.

2013 चा कायदा

हाताने मैला उचलणाऱ्या कामगारांच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम, 2013 हा कायदा 6 डिसेंबर 2013 रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, अमलात आला. या वेळी संसदेने कामगार कल्याणाच्या समवर्ती सूचीतील विषयाचा आधार घेतल्याने राज्यांच्या ठरावाची गरज उरली नाही. या समाजांवर झालेला ऐतिहासिक अन्याय दूर करणे हा हेतू कायद्याच्या उद्देशिकेतच नोंदला आहे. वीस वर्षांच्या अंतराने आंबेडकरी भूमिका कायद्याच्या भाषेत आली, असे म्हणता येते.

मैला उचलण्याच्या व्याख्येत कोरड्या संडासाबरोबर उघडी गटारे, खड्डे आणि रेल्वेमार्गही आले. गटार किंवा सेप्टिक टाकी सुरक्षासाधनांशिवाय साफ करून घेणे हा ‘धोकादायक सफाई’ नावाचा वेगळा गुन्हा ठरला. त्यासाठी पहिल्या खेपेस दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. गुन्हे दखलपात्र व अजामीनपात्र आहेत. पुनर्वसनात ओळखपत्र, एकरकमी मदत (ती 40,000 रुपये ठेवण्यात आली), मुलांना शिष्यवृत्ती, घर किंवा घरासाठी साहाय्य, प्रशिक्षण आणि सवलतीचे कर्ज यांचा समावेश आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील 2015 च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला या कामाला लावणे हा अत्याचारही ठरला.

या कायद्यात दोन मोठी छिद्रे आहेत. शासनाने अधिसूचित केलेली साधने व सुरक्षासाहित्य देऊन काम करून घेतले, तर तो माणूस व्याख्येतून बाहेर पडतो. हातमोजे आणि बूट दिले की प्रथा संपली, असे कागदावर दाखवता येते. दुसरे छिद्र मुदतीचे. गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत तक्रार झाली नाही, तर न्यायालय दखल घेत नाही. ज्याची रोजीरोटी त्याच मुकादमाच्या हातात आहे, त्या माणसाला तीन महिने पुरत नाहीत.

मोजणीचा प्रश्न

पुनर्वसनाचा हक्क यादीत नाव असलेल्यालाच मिळतो. म्हणून या कायद्याचे सारे यश गणनेवर अवलंबून आहे, आणि त्याचे सर्वांत मोठे अपयशही तिथेच आहे.

2011 च्या जनगणनेत, माणसे मैला काढतात असे 7,94,390 संडास नोंदले गेले. त्याच वर्षीच्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेत ग्रामीण भागातील सुमारे 1.80 लाख कुटुंबांनी आपल्या घरातील कोणीतरी हे काम करते असे सांगितले, आणि राज्यवार यादीत 63,713 कुटुंबांसह महाराष्ट्र पहिला होता. पुढे 2013 च्या कायद्याखाली 2013 व 2018 मध्ये झालेल्या दोन सर्वेक्षणांत देशभरात मिळून 58,098 व्यक्ती निश्चित झाल्या. त्यात उत्तर प्रदेशातील 32,473 आणि महाराष्ट्रातील 6,325. एका गणनेत साठ हजारांवर कुटुंबे आणि दुसरीत सहा हजारांवर माणसे, ही तफावत केवळ प्रथा ओसरल्याने समजावून देता येत नाही.

कारण कार्यपद्धतीत आहे. घरोघरच्या गणनेत माणूस आपल्या दारात आपल्याविषयी सांगतो. कायद्याच्या सर्वेक्षणात त्याने अर्ज भरायचा, पुरावा द्यायचा, आणि त्याचा दावा पडताळायचा तो स्थानिक संस्थेने. आपल्या हद्दीत मैला उचलणारा माणूस आहे, असे मान्य करणे म्हणजे नगरपरिषदेने किंवा ग्रामपंचायतीने स्वतःविरुद्ध कबुलीजबाब देणे आहे. कायदा मोडणाऱ्यालाच मोजणीचे काम दिले, तर आकडा शून्याकडेच सरकणार. मोजणारी यंत्रणा स्थानिक संस्थेपासून स्वतंत्र असती, तर 2013 चा कायदा आज आहे त्याहून कितीतरी समर्थ ठरला असता. देशातील बहुतेक जिल्ह्यांनी एव्हाना आपण या प्रथेतून मुक्त असल्याचे जाहीर केले आहे.

गटारातील मृत्यू

कोरडे संडास घटले तसे मरण गटारांत आणि सेप्टिक टाक्यांत सरकले. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन साचतात. हायड्रोजन सल्फाइडला थोड्या प्रमाणात कुजक्या अंड्याचा वास असतो. प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो आणि माणसाला धोका कळत नाही. झाकण उघडून पहिला उतरतो आणि दोन-चार श्वासांत कोसळतो. पाय घसरला असेल, या समजुतीने दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. एकेका टाकीत एकाच वेळी दोन, तीन, चार माणसे मरतात ती यामुळे. नियम काय सांगतात ते स्पष्ट आहे : अपवादात्मक गरजेखेरीज आत उतरवायचे नाही, आधी वायू तपासायचा, वर माणसे हजर ठेवायची, 10 लाखांचा विमा काढायचा. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कमरेला एक दोरी असते, किंवा तीही नसते.

केंद्राने 2021 मध्ये संसदेत हाताने मैला उचलण्यामुळे एकही मृत्यू झाला नसल्याचे सांगितले, आणि गटारे व टाक्या साफ करताना 941 मृत्यू झाल्याचेही सांगितले. दोन्ही विधाने व्याख्येच्या आधारे एकाच वेळी करता आली. गटारात मेलेला माणूस ‘धोकादायक सफाई’च्या रकान्यात जातो.

न्यायालयांनी मात्र हा रकाना निष्फळ होऊ दिला नाही. 27 मार्च 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वर उल्लेखिलेल्या याचिकेच्या निकालात, 1993 पासून गटारांत मृत्यू पावलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला 10 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये गोवंडीतील खासगी गृहनिर्माण संस्थेच्या टाकीत मरण पावलेल्या तीन कामगारांच्या विधवांच्या याचिकेवर, भरपाई आधी शासनाने द्यावी आणि मग जबाबदार व्यक्तींकडून वसूल करावी, असे ठरवले. हा निकाल महत्त्वाचा आहे, कारण खासगी काम होते हे सांगून शासनाला हात झटकता येत नाहीत, हे त्याने स्पष्ट केले. 20 ऑक्टोबर 2023 रोजी बलराम सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई 30 लाखांवर नेली आणि कायमच्या अपंगत्वासाठी किमान 20 लाख ठरवले.

महाराष्ट्रातील धोरण

महाराष्ट्राचे वेगळेपण म्हणजे लाड व पागे या समित्यांच्या शिफारशींवर उभे राहिलेले वारसा हक्काचे धोरण. सफाई कामगार निवृत्त झाला किंवा मरण पावला, की त्याच्या वारसाला नोकरी मिळते. कामगार संघटना या हक्कासाठी सतत लढत आल्या आहेत, आणि त्यांचे बरोबरच आहे : कायम नोकरी, निवृत्तिवेतन आणि त्या नोकरीबरोबर मिळालेली खोली एवढेच त्या कुटुंबाजवळ असते. नोकरी गेली की खोलीही जाते. पण हाच हक्क पदवीधर मुलालाही बापाच्या झाडूकडे परत आणतो. वारसाला शिक्षणानुसार पालिकेतील इतर पदावर घेण्याची वाट जोवर रुंद होत नाही, तोवर हे संरक्षण आणि जातीचे बंधन एकमेकांत गुंतलेलेच राहणार. दरम्यान सफाईचे काम ठेकेदारांकडे जात राहिल्याने कायम नोकऱ्याच कमी होत आहेत. ठेक्यावरील कामगाराला ना वारसा हक्क, ना घाणभत्ता.

सद्यस्थिती

केंद्राने 2023 मध्ये सुरू केलेल्या ‘नमस्ते’ योजनेत गटार व सेप्टिक टाकी कामगारांची नोंदणी, सुरक्षासाहित्य, आरोग्य विमा आणि सफाईयंत्रांसाठी भांडवली अनुदान अशी आखणी आहे. 29 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद या सहा महानगरांत हाताने मैला उचलणे व माणूस उतरवून गटारे साफ करणे बंद करण्याचा आदेश दिला आणि ते केव्हा व कसे बंद केले याचे प्रतिज्ञापत्र मागितले. छोटी शहरे, गावठाणे आणि खासगी सोसायट्या यांच्या टाक्यांचे काम मात्र आजही मोठ्या प्रमाणात नाक्यावरून रोजावर आणलेल्या मजुरांकडून होते. त्यांची नोंद ना पालिकेकडे असते, ना ठेकेदाराकडे.