वरचा रंग

भाईंदर स्टेशनवर माणूस चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. चेहरा दिसेल इतकी जागाच नसते. इथे कपडे वाचावे लागतात. कडक इस्त्री अन् छातीशी बॅग, म्हणजे स्वारी चर्चगेटपर्यंत हलणार नाही. बाह्या दुमडलेला अंधेरीला उतरतो. त्याच्याजवळ उभं राहावं. असा आपला माझा हिशेब.

या विद्येत आपले जुने कवी फार पुढे होते. 1290 सालची ज्ञानेश्वरी घ्या. तेराव्या अध्यायात ज्ञानोबांना अहिंसा सांगायचीय, तर ते सरळ एक माणूस चालवूनच दाखवतात. पाण्यात बगळा पाय टाकतो ना, तसं तो जपून पाऊल ठेवतो. लाटसुद्धा मोडू नये म्हणून! चालीवरून स्वभाव कळला, हे ठीक. पण हा सज्जन सकाळची विरार लोकल पकडणार कशी, ही काळजी मला अजून आहे.

तुकोबांनी तर जटा, भस्म, माळा यांच्या आडचे भोंदू असे नेमके हेरलेत, की तिकीट तपासनीसानं हेवा करावा.

हे सगळे दुसऱ्यांची वर्णनं करतात. मंगळवेढ्याच्या चोखोबांनी मात्र स्वतःचं केलं. आधी ऊस, मग धनुष्य, मग नदी. तिन्ही बाहेरून वाकडी. पण रस, बाण आणि पाणी यांना त्या वाकडेपणाचं काही नाही. चौथं उदाहरण ते स्वतः. वरच्या रंगाला भुलू नका, हे आपण शाळेत सुविचारासारखं घोकलं. सांगणारा महार होता, त्याला देवळाच्या आत पाऊल टाकायची बंदी होती, हे गुरुजींनी घाईत उरकलं असावं. त्यांचं रूप कुणी न्याहाळलंच नव्हतं हो! जात विचारली की काम भागत होतं.

1338 मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. समाधी पंढरपुरात बांधली, तीही महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर. विठोबाचं दार अस्पृश्यांना उघडलं 1947 मध्ये, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. म्हणजे सहाशेंवर वर्षं गेली.

त्या समाधीपाशी उभा राहून मी एकदा देवळाकडे पाहिलं. कटेवरचे हात तिथून दिसत नाहीत. पुढच्यांच्या पाठी दिसतात.