नागमोडी टाक्याचा इतिहास आणि आपला व्यवसाय

मानवाने सुई प्रथम हाती घेतली तो काळ लिखित इतिहासाच्या कितीतरी पूर्वीचा आहे. हाडापासून घडविलेल्या, नेढे असलेल्या सुया उत्खननांत सापडल्या असून त्यांचे वय दशसहस्रावधी वर्षांचे आहे. पुढे हाडाची जागा धातूने घेतली. परंतु सुई चालविणारा हात तोच राहिला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम यंत्राकडून करून घेण्याचे प्रयत्न युरोपात सुरू झाले, आणि पुढील शंभर वर्षांत जगभरच्या शिंप्यांच्या जीवनाचे रूप पालटले. ज्या ज्ञातीचा हा पिढीजात व्यवसाय, ज्या ज्ञातीत श्रीनामदेवांसारखा संत जन्मास आला, तिच्या कुटुंबांनी हा इतिहास केवळ कुतूहल म्हणून वाचावयाचा नाही. यंत्र आले तेव्हा काम कोणाचे गेले, कोणास मिळाले, आणि तसे का झाले, हा त्यातील आपल्या दृष्टीने मुख्य प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याचा विचार घरगुती शिवणयंत्रातील नागमोडी, म्हणजे झिगझॅग, टाक्याच्या अनुषंगाने केला आहे.

इ. स. १७९० मध्ये टॉमस सेंट या इंग्रज गृहस्थाने चामडे व जाड कापड शिवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. परंतु त्याचा प्रसार झाला नाही. प्रत्यक्ष व्यवहारात उतरलेले पहिले यंत्र एका शिंप्याचेच होते, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. फ्रान्समधील बार्तेलेमी तिमोनिए याने १८३० साली साखळी टाक्याच्या यंत्राचे पेटंट मिळविले. पॅरिसमधील कारखान्यात अशी ऐंशी यंत्रे सैनिकांचे गणवेश शिवू लागली. आपला रोजगार बुडणार या भीतीने १८३१ साली शहरातील शिंप्यांच्या जमावाने त्या कारखान्यावर हल्ला करून यंत्रांचा चुराडा केला. तिमोनिए १८५७ साली दारिद्र्यात निवर्तला.

त्या जमावाला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य होणार नाही. ऐंशी यंत्रे एका छपराखाली, एका मालकीची आणि एकाच मोठ्या ग्राहकासाठी चालत होती. ज्यांचे काम जाणार होते त्यांच्यापैकी कोणाच्याही घरी त्यातील एकही यंत्र जाणार नव्हते. त्यांची भीती लोखंडाची नव्हती, मालकीची होती. अमेरिकेत वॉल्टर हंट याने १८३० नंतरच्या काही वर्षांत, टोकाशी नेढे असलेली सुई आणि धोटा यांच्या साहाय्याने दोन दोऱ्यांची पक्की टीप घालणारे यंत्र बनविले. परंतु शिवणकाम करून पोट भरणाऱ्या स्त्रियांचे काय होईल या विचाराने त्याने पेटंट घेण्याचे टाळले, असे सांगतात.

त्याच तत्त्वावरील यंत्राचे पेटंट इलायस हौ याने १८४६ साली घेतले. १८५१ मध्ये आयझॅक सिंगर याने उभी सरळ सुई, कापड दाबून धरणारा पाय आणि पायाने चालविण्याची सोय यांचा मेळ घातला. कापड पुढे सरकविणाऱ्या दात्यांची चौगती रचना ॲलन विल्सन याची. या सर्वांची पेटंटे एकमेकांत गुंतल्यामुळे खटले माजले. अखेरीस १८५६ साली प्रमुख कारखानदारांनी आपली पेटंटे एकत्र केली व तो संघ १८७७ पर्यंत टिकला. त्याच १८५६ साली सिंगर कंपनीने हप्तेबंदीने यंत्र विकण्यास प्रारंभ केला. आमच्या मते आपल्या व्यवसायाच्या इतिहासात हप्तेबंदीचे महत्त्व सुईच्या नेढ्याइतकेच आहे. कारण तिच्यायोगे यंत्र कारखान्यातून निघून काम करणाऱ्याच्या स्वतःच्या ओटीवर आले.

हिंदुस्थानात सिंगरची यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. तिच्या येथील व्यापाराची धुरा मुंबईचे पारशी गृहस्थ नसरवानजी मेरवानजी पटेल यांनी दीर्घकाळ वाहिली. साडी, धोतर, उपरणे ही वस्त्रे न शिवता नेसावयाची. त्यामुळे येथे यंत्राचा पहिला मोठा ग्राहक गृहिणी नव्हे, तर शिंपी ठरला. पॅरिसमध्ये जे यंत्र शिंप्यांनी मोडले, तेच येथे शिंप्यांनी हप्ते भरून घरी आणले. यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ साली शिवणयंत्रास अपवाद मानले होते. पुढे १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्समधून ‘उषा’ यंत्र निघू लागले आणि लाला श्रीराम यांच्या उद्योगसमूहाने ते देशभर पोहोचविले.

हे झाले सरळ टिपेचे. परंतु सरळ टिपेने कपडा पुरा होत नाही. कडा उसवू नयेत म्हणून त्या गुंफाव्या लागतात, काज करावे लागते, लेस लावावी लागते, फाटले तर रफू करावे लागते. ही कामे यंत्र आल्यानंतरही हातानेच होत राहिली. आपल्या कित्येक घरांत यंत्रावर पुरुष बसे आणि काज, बटण, तुरपाई घरातील स्त्रिया करीत, हे ज्येष्ठ वाचकांस सांगणे नलगे. गिऱ्हाईक कपड्याची शिलाई देई ती दुकानाला. कंदिलाच्या उजेडात केलेल्या काजांचा वेगळा हिशेब क्वचितच मांडला गेला. नागमोडी टाक्याचे यंत्र नेमके याच कामांसाठी निर्माण झाले.

त्याच्या आरंभीच एका स्त्रीचे नाव येते, हा सुयोग होय. अमेरिकेतील मेन राज्यातल्या पोर्टलंड येथील हेलन ऑगस्टा ब्लँचर्ड या १८४० साली जन्मल्या. वडिलांचा जहाजांचा व्यवसाय बुडून कुटुंबावर विपत्ती आल्यानंतर त्या यंत्ररचनेकडे वळल्या. १८७३ साली त्यांनी नागमोडी टाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले व १८८१ मध्ये फिलाडेल्फिया येथे स्वतःची कंपनी काढली. तथापि हे यंत्र दीर्घकाळ कारखान्यांपुरतेच राहिले. घरगुती यंत्रात तो टाका रुळण्यास आणखी साठेक वर्षे लागली. इटलीतील पाविया येथील नेक्की कंपनीचे ‘बीयू’ यंत्र १९३० नंतरच्या दशकात पुढे आले. स्वित्झर्लंडमधील स्टेकबोर्न येथे फ्रिट्झ गेगाउफ यांनी १८९३ साली जाळीदार शिवणीचे यंत्र काढले होते. त्यांच्याच कारखान्याने १९३२ मध्ये ‘बर्निना’ हे पहिले घरगुती यंत्र व १९३८ मध्ये झिगझॅग यंत्र बाजारात आणले. जिनिव्हाच्या ‘एल्ना सुपरमॅटिक’ने १९५२ साली चकत्या बदलून नाना प्रकारचे टाके घालण्याची सोय केली.

या यंत्राचे तत्त्व सुबोध आहे. साध्या यंत्रात सुई केवळ खाली-वर होते. यात ती प्रत्येक टाक्यागणिक एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे झुकते. दाते कापड पुढे सरकवितात आणि सुई आडवी डोलते. या दोन गतींच्या मेळातून नागमोड उमटते. समजा, एका टाक्यास कापड ३ मिलिमीटर पुढे गेले आणि सुई ४ मिलिमीटर आडवी गेली, तर भूमितीच्या नियमाने तिरप्या टाक्याची लांबी ५ मिलिमीटर होते. अर्थात ३ मिलिमीटर कापडासाठी ५ मिलिमीटर दोरा राखीव असतो. बनियनचे विणीव कापड ताणले असता सरळ टीप तटकन तुटते. नागमोडी टीप मात्र उघडत जाऊन कापडाबरोबर लांबते, त्याचे रहस्य हेच.

असे यंत्र घरी आणल्यावर काही गोष्टी काटेकोरपणे पाळाव्यात. आजच्या बहुतेक घरगुती यंत्रांत दोरा समोरून ओवतात. तेथे सुईच्या मुंढ्याची चपटी बाजू मागे ठेवावी, सुई वरपर्यंत सारावी आणि मगच स्क्रू आवळावा. सुईचा अंक म्हणजे तिच्या जाडीचे माप; ८० क्रमांकाची सुई ०.८ मिलिमीटर जाड असते. पातळ वॉयलला ७० किंवा ७५, नेहमीच्या सुती कापडास ८० ते ९० आणि जाड कापडास १०० क्रमांक योग्य होय. नागमोडी टाक्यास आडव्या रुंद खाचेची पट्टी व तशाच खाचेचा पाय लागतो. सरळ टिपेचा अरुंद छिद्राचा पाय राहून गेल्यास सुई त्यावर आदळून मोडते. म्हणून यंत्र चालू करण्यापूर्वी चाक हाताने फिरवून दोन्ही बाजूंस सुई मोकळी उतरते की नाही, हे पाहावे. रुंदी बदलावयाची ती सुई कापडाबाहेर असतानाच. कापडात रुतलेली सुई आडवी ओढली गेल्यास वाकते.

दोरा ओवताना पाय वर उचललेला असावा, म्हणजे तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसतो. प्रथम त्याच कापडाच्या चिंधीवर टाका घालून पाहावा. खालचा दोरा वर दिसू लागल्यास वरचा ताण अधिक झाला आहे असे समजावे. काजासारख्या दाट टाक्यास वरचा ताण किंचित सैल करावा, म्हणजे दोऱ्यांची गाठ खालच्या अंगास राहून वरची बाजू सुबक दिसते. काजाच्या दोन्ही बाजू अरुंद व दाट टाक्याने भराव्यात, दोन्ही टोकांस रुंद टाक्यांचे बंधन घालावे आणि मगच मधला भाग उसवणीने चिरावा. एखाद्याच बाजूचा टाका सुटत असेल, तर प्रथम सुई बदलून पाहावी. या यंत्रात आकड्याची व सुईची गाठ दोन्ही टोकांस किंचित वेगवेगळ्या क्षणी पडते. त्यामुळे जराशी वाकलेली सुई एका बाजूस चालून दुसऱ्या बाजूस दगा देते. नव्या सुईनेही टाका सुटत राहिल्यास यंत्र कारागिराकडे न्यावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नागमोडी टाक्याने काजाचे व कडा गुंफण्याचे पुष्कळसे हातकाम संपविले, हे मान्य केले पाहिजे. तयार कपड्यांच्या कारखान्यांनी दुकानातील शिलाईही बरीचशी नेली आहे. परंतु त्याच टाक्याने महाराष्ट्राच्या गल्लीबोळांत एक नवा व्यवसाय उभा केला, तो म्हणजे साडीच्या पिकोचा. साडीची कड किंचित वळवून तिच्यावर घातलेली दाट नागमोडी शिवण म्हणजेच पिको. ‘पिको-फॉल करून मिळेल’ अशी पाटी ज्या घरावर दिसते, तेथे बहुधा एक गृहिणी आपल्या यंत्रावर आपल्या नावाने पैसे मिळवीत असते. पूर्वी ज्या कामाचा हिशेब दुकानाच्या वहीत वेगळा लागत नव्हता, त्याला या घरांत दर आला, गिऱ्हाईक आले आणि स्वतंत्र वही आली. तिमोनिएच्या कारखान्यातील यंत्रात आणि या यंत्रात लोखंडाचा भेद थोडा आहे. ते कोणाच्या मालकीचे आहे, हा भेद फार मोठा आहे.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मुलींना यंत्र घेऊन देताना ते त्यांच्या नावे असावे आणि त्याची दुरुस्तीही त्यांना शिकवावी. सुई, ताण आणि आकडा यांची जाण असणारी व्यक्ती कारागिरावर विसंबून राहत नाही. दुसरे असे की, आपल्या घरचा व्यवसाय लिहून ठेवताना केवळ दुकानाच्या पाटीवरील नावावर थांबू नये. आजीने, आईने, काकूने किती वर्षे काजे केली, कोणकोणत्या दुकानांसाठी केली, दर काय मिळाला, हे त्या हयात आहेत तोवर विचारून घ्यावे आणि त्यांच्या नावानिशी वहीत नोंदवावे. यंत्रांची पेटंटे सरकारदरबारी जतन झाली आहेत. या स्त्रियांच्या कामाची नोंद आपल्याखेरीज अन्य कोणी करणार नाही.