चहाचा जुना खटला

चहा प्रकृतीला हितकर की अपायकारक, हा वाद आपल्या घराघरांत रंगतो. पण तो आजचा नव्हे. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमध्ये दोन नामवंत पुरुषांनी ह्याच प्रश्नावर लेखण्या परजल्या होत्या.

१७५६ साली जोनास हॅनवे ह्या व्यापाऱ्याने चहावर एक निबंध प्रसिद्ध केला. गृहस्थ परोपकारी होते. गरीब मुलांना आरमारात काम मिळावे म्हणून त्याच वर्षी त्यांनी एक संस्था उभी केली होती. चहाने आरोग्य बिघडते, उद्योग मंदावतो, राष्ट्र दरिद्री होते. इतकेच नव्हे, तर पुरुषांची उंची आणि स्त्रियांचे सौंदर्यही लोपते, असा त्यांचा आरोप होता.

पुढल्याच वर्षी इंग्रजी भाषेचे प्रसिद्ध कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन ह्यांनी उत्तर दिले. आपण वीस वर्षे जेवणाबरोबर हेच पेय घेत आलो आहोत, असे मिस्कीलपणे सांगून त्यांनी हॅनवेंची भरपूर खिल्ली उडविली. परंतु त्याच लेखात एक गोष्ट त्यांनी मान्य केली. कष्टकऱ्यांना चहा योग्य नव्हे; कारण तो जिभेला रिझवितो, पण शरीराला पोशीत नाही.

माझ्या मते वादाचे मर्म येथे आहे. जॉन्सन भरल्या ताटासोबत चहा पीत. गरिबाला तो ताटाऐवजी प्यावा लागे. १७८४ साली इंग्लंडात चहावरील कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आला. चहा स्वस्त झाला, आणि पुढे कित्येक मजूर कुटुंबांचे जेवण म्हणजे पाव आणि साखरेचा चहा एवढेच उरले. पोट भरल्याचा भास होई, पोषण होत नसे.

ह्याला दुसरी बाजूही आहे. चहासाठी पाणी उकळावे लागते. १९४२ साली पुण्यास आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना महात्मा गांधींनी आरोग्यावर एक लहान पुस्तक लिहिले. चीनमध्ये पाणी शुद्ध असेलच ह्याची खात्री नसे, म्हणून ते उकळण्याच्या निमित्ताने चहा आला, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. मात्र चहातील टॅनिन त्यांना अपायकारक वाटे. इंग्लंडात चहाबरोबर उकळलेले पाणी आले आणि त्यामुळे मृत्यू घटले, असा निष्कर्ष अलीकडे एका अभ्यासातूनही निघाला आहे.

आता आधुनिक शास्त्राची साक्ष काढू. ब्रिटनमधील सुमारे पाच लाख लोकांच्या पाहणीत, दिवसाला दोन किंवा अधिक कप चहा पिणाऱ्यांत मृत्यूचा धोका किंचित कमी आढळला, असे २०२२ साली प्रसिद्ध झाले. अर्थात तेवढ्यावरून चहानेच आयुष्य वाढते, हे सिद्ध होत नाही. उलट, ६५ अंश सेल्सिअसहून अधिक कढत पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली दिला. येथे दोष चहाचा नसून कढतपणाचा आहे.

तिसरी साक्ष सर्वांत महत्त्वाची. जेवणाबरोबर घेतलेला चहा धान्य-भाजीतील लोह अंगी लागू देत नाही, हे १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतील प्रयोगांनी दाखविले. म्हणजे डॉ. जॉन्सन अभिमानाने सांगत, तीच सवय घातक! आपल्या देशात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. तरी ज्या अंगात लोह आधीच थोडे, तिथे ही हानी सोसण्याजोगी नाही.

म्हणून चहा सोडा, असे मी म्हणणार नाही. तो जरा निवू द्यावा, साखर बेताची घालावी, आणि जेवणानंतर निदान तासभर थांबून घ्यावा. त्याहून आणखी एक करावे. सर्वांना वाढून जी शेवटी बसते आणि चहात उरलीसुरली पोळी बुडवून वेळ भागविते, तिच्या ताटात भाजी-आमटी उरली आहे का, हे घरातील इतरांनी आधी पाहावे.