जाड टायरचा मोह



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण साधं आहे, खांद्याजवळचं हाड मोडलं होतं.

झालं असं की माझी १५० सीसीची गाडी घेऊन कोईमतूरच्या कारी स्पीडवेवर गेलो होतो. जाण्याआधी मागे १०० ऐवजी १३० चा जाडजूड टायर टाकला, तोही मूळच्याच अरुंद रिमवर. हिशोब सोपा: जास्त रबर, जास्त ग्रिप. टायरवाला 'नको' म्हणत होता, पण ऐकतो कोण! ट्रॅकवर गाडी वळायलाच तयार नाही. तिसऱ्या फेरीत मागचं चाक सरकलं आणि अस्मादिक गवतात.

मग सहा आठवडे एका हाताने कोडिंग आणि उरलेल्या वेळात रेसिंगच्या टायरांचा इतिहास. तो आधी वाचायला हवा होता...

१९६२ साली ५० सीसीची जागतिक स्पर्धा सुरू झाली. ५० सीसी म्हणजे आपल्या लुनाएवढं इंजिन! पहिल्या वर्षी सुझुकीवर अर्न्स्ट डेग्नर जिंकला. १९६५ ला होंडावर राल्फ ब्रायन्स. ती होंडा म्हणजे कमाल प्रकार. इंजिन २०,००० आरपीएमच्या वर फिरायचं, गिअर नऊ, आणि पुढचा ब्रेक चक्क सायकलसारखा, रिमला चिमटा काढणारा. टायर जेमतेम दोन इंच रुंद.

एवढे बारीक का? कारण ताकद होती १३-१४ हॉर्सपॉवर. अशा गाडीचा वळणावर वेग गेला की तो परत मिळवता मिळवता अख्खी सरळ संपते. म्हणून टायर हलका हवा, कमी अडवणारा हवा आणि पटकन झुकणारा हवा. रुंद टायर झुकला की जमिनीला टेकणारा भाग आतल्या बाजूला सरकतो, त्यामुळे तेवढ्याच वेगासाठी गाडी जास्त वाकवावी लागते. त्यात रिम अरुंद असेल तर टायर दोन्हीकडून आवळला जातो, मधे टोकदार होतो आणि त्याच्या कडा जशा टेकायला हव्यात तशा टेकतच नाहीत. माझं नेमकं हेच झालं.

त्याच दशकात डनलॉपने त्रिकोणी आकाराचा रेसिंग टायर काढला. सरळ जाताना कमी रबर टेकायचं, झुकल्यावर जास्त. म्हणजे रबर हवं तिथेच, उगाच सगळीकडे नाही.

मोठ्या गाड्यांचं गणित वेगळं. तिथे ताकद टायरच्या पुढे पळाली. १९७५ मध्ये डेटोनाला बॅरी शीनच्या ७५० सीसी सुझुकीचा मागचा टायर ताशी २५० किमीहून जास्त वेगात निकामी झाला. मांडी, हात, बरगड्या, सगळं मोडलं. पठ्ठ्या सात आठवड्यांत परत शर्यतीत! १९७६ आणि १९७७ ला ५०० सीसीचा जगज्जेताही झाला. त्या गाड्यांना रुंद टायर लागतात, कारण तेवढी ताकद रस्त्यावर उतरवायची असते. माझ्या १५० ला उतरवण्यासारखं आहेच काय?

असो. आता मूळ मापाचाच, पण मऊ रबराचा टायर घेतलाय. ग्रिप हवी असेल तर आधी रबर बघायचं, मग हवा, आणि रुंदी रिमला विचारून.

आईला अजून सांगितलेलं नाही. तिच्या मते टायर फक्त पंक्चर झाल्यावर बदलायचा असतो.