पनामाच्या दारातील चार दोर

पनामाचा कालवा म्हटला की डोळ्यांसमोर अजस्र आगबोटी येतात. परंतु हा कालवा कोणाच्या जोरावर चालतो हे पाहावयाचे असेल, तर तीसपस्तीस फुटी शिडाच्या होडीतून त्यात शिरावे.

अटलांटिककडून येताना गाटूनचे तीन लॉक लागतात. लॉक म्हणजे दोन्ही तोंडांना पोलादी दरवाजे असलेला हौद. रुंदी 110 फूट, लांबी 1000 फूट. इथे पंप नाहीत. वरच्या तलावाचे गोडे पाणी आपल्याच भाराने हौदाच्या तळातील भोकांतून उसळते आणि तीन पायऱ्यांत होडी 85 फूट चढते. मोठ्या जहाजांना काठावरची विजेची इंजिने तारांनी मधोमध धरतात. होडीला ती सोय नाही. म्हणून नियमच असा की, सुकाणूवाल्याखेरीज दोर सांभाळायला चार माणसे हवीत. काठावरचे कामगार टोकाला गोळा असलेली बारीक दोरी फेकतात. तिला होडीचा जाड दोर बांधला की तो वर ओढून खुंट्याला अडकवतात. पाणी चढू लागले की चौघांनी ढिला पडणारा दोर सारखा आवरीत राहावयाचे. एकाने हयगय केली की होडी आडवी होऊन भिंतीवर आदळलीच! या हातांवाचून कप्तानाचे कौशल्य लंगडे.

मग ज्या हातांनी हे हौद बांधले, त्यांची नोंद कशी झाली? 1904 ते 1914 या काळात अमेरिकेने कालवा बांधला, असे आपण वाचतो. राबणारे मजूर मात्र बहुतांशी वेस्ट इंडीजचे कृष्णवर्णीय, त्यांतही बार्बाडोसचे पुष्कळ. पगारपत्रके दोन: गोऱ्या अमेरिकनांचे सोन्याचे, यांचे चांदीचे. वसाहती, खानावळी, पोस्टाच्या खिडक्यासुद्धा वेगळ्या! त्या काळात रोगांनी व अपघातांनी 5,609 माणसे मेल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत बहुसंख्य चांदीवाले. 1920 च्या फेब्रुवारीत विल्यम स्टाउट या शिक्षकाच्या पुढारीपणाखाली हजारो चांदीवाल्यांनी संप केला. तो मोडला, संपकऱ्यांना घरांतून हुसकण्यात आले. 1948 मध्ये सोने-चांदी ही नावे गेली, भेद राहिला. 31 डिसेंबर 1999 रोजी कालवा पनामाच्या हाती आला.

हौदातले पाणी जहाज आणि होडी यांना सारखेच उचलते. दोर धरणाऱ्याला आणि कप्तानाला एकाच वहीत मांडणे, हे काम मात्र पाणी करीत नाही. ते माणसांनी एकजुटीने करावयाचे असते.