घरातील डिफेनबेकिया : शोभा आणि सावधगिरी

पिंपरी-चिंचवडमधील सदनिकांत, तसेच भोसरी-चाकण पट्ट्यातील कारखान्यांच्या स्वागतकक्षांत आढळणाऱ्या शोभेच्या वनस्पतींपैकी एक म्हणजे डिफेनबेकिया. हिरव्या रुंद पानांवर पांढरट-पिवळ्या छटा असलेली ही वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण कटिबंधातील. व्हिएन्ना येथील राजउद्यानाचे माळी जोसेफ डिफेनबाख यांच्यावरून तिला हे नाव मिळाले. आपले अळू, सुरण आणि मनीप्लांट हेही तिच्याच कुळातील.

प्रकाश व तापमान : जंगलात मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणाऱ्या या झाडाला भरपूर, पण थेट नसलेला प्रकाश हवा. पूर्वेची खिडकी उत्तम. पश्चिमेच्या गच्चीत एप्रिल-मेच्या उन्हाने पाने करपतात. डिसेंबर-जानेवारीत पुणे परिसरातील किमान तापमान कित्येकदा १० अंश सेल्सिअसखाली उतरते. १५ अंशांखाली या झाडाची वाढ खुंटते. म्हणून थंडीत कुंडी रात्री घरात घ्यावी. कार्यालयात वातानुकूलन यंत्राचा झोत थेट पानांवर येऊ देऊ नये.

माती व पाणी : निव्वळ काळी माती पाणी धरून ठेवते व मुळे कुजवते. लाल माती, गांडूळखत, कोकोपीट आणि जाड वाळू यांचे मिश्रण वापरावे. वरची साधारण दोन-तीन सेंटीमीटर माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. पिंपरी-चिंचवड शहरात नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. तेव्हापासून अनेक सोसायट्यांची भिस्त कूपनलिका व टँकरवर वाढली. अशा पाण्यातील क्षारांमुळे पानांची टोके तपकिरी पडतात. सोसायटीत पाणी मृदू करण्यासाठी मिठावर चालणारे संयंत्र असल्यास त्या पाण्यातील सोडियमही झाडाला मानवत नाही. शक्य तेव्हा पावसाचे साठवलेले पाणी वापरावे. ते नसल्यास महिन्यातून एकदा कुंडीत भरपूर साधे पाणी ओतून ते तळातून निथळू द्यावे.

पावसाळ्यात कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची पैदास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात होते. आठवड्यातून एकदा बशी रिकामी करून घासून कोरडी करावी.

निगा : औद्योगिक पट्ट्यातील धूळ पानांवर बसून प्रकाश अडवते. ओल्या कापडाने पाने आठवड्याला पुसावीत. खालची एखाददुसरी पाने पिवळी होऊन गळणे नैसर्गिक आहे. पिठ्या ढेकूण दिसल्यास सौम्य साबणाचे पाणी किंवा कडुनिंबाचे तेल वापरावे. जून-जुलैमध्ये खोडाचे डोळे असलेले तुकडे ओलसर मिश्रणात लावून नवी रोपे करता येतात.

हवा शुद्ध होते का? : अनेक जण याच हेतूने घरात झाडे आणतात. अमेरिकेच्या 'नासा'ने १९८९ मध्ये बंद पेटीत केलेल्या प्रयोगांवरून हा समज रूढ झाला. मात्र २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, खिडक्या उघडून येणाऱ्या हवेइतका परिणाम साधण्यासाठी दर चौरस मीटरला किमान १० झाडे लागतील. झाड शोभेसाठी व आनंदासाठी ठेवावे. प्रदूषणावरील उपाय म्हणून नव्हे.

विषारीपणा : कच्चे अळू खाल्ल्यास घसा खाजतो, म्हणून भाजीत चिंच किंवा आमसूल घालतात. ही खाज कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते. डिफेनबेकियाच्या पानांत व खोडातही हे स्फटिक असतात आणि त्यांचा त्रास कितीतरी तीव्र असतो. पान चावल्यास तोंडाची आग होते, जीभ सुजते, लाळ गळते, बोलणे अवघड होते. या झाडाने 'मिनिटभरात मृत्यू' येतो, असे संदेश भ्रमणध्वनीवरून फिरत असतात. ती अतिशयोक्ती होय. पण दुर्लक्षही नको.

मुलाने पान चावल्यास तुकडे काढून तोंड पुसावे, खळखळून चूळ भरू द्यावी, थंड पाणी किंवा दूध द्यावे. उलटी करवू नये. सूज वाढल्यास अथवा श्वास घेण्यास त्रास झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. छाटणी करताना हातमोजे घालावेत आणि चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. रांगणारे मूल, कुत्रा किंवा मांजर असलेल्या घरात कुंडी उंचावर ठेवावी. तशी जागा नसेल तर अरेका पामसारखे निर्धोक झाड निवडणेच इष्ट.